स्कॅनची लिंक दिली, फिल्म नाही. हे जपायचं कसं?

टिळकनगरची_सून

नमस्कार मंडळी. सासूबाईंची मान दिवाळीपासून दुखतेय, आता उजव्या हाताला मुंग्याही येतात, म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एमआरआय सांगितला. इंदुरात गीता भवन चौराह्याकडच्या एका सेंटरवर केला. काउंटरवरच्या मुलीने रिपोर्टचे दोन कागद हातात दिले आणि म्हणाली, "इमेज मोबाइल पे आ जाएगी आंटी." आंटी ऐकून घेतलं, काम होतं ना. संध्याकाळी मेसेजमध्ये एक लिंक आली. फिल्म नाही, सीडी नाही. विचारलं तर म्हणे आता सगळं क्लाउडवर असतं, फिल्म हवी असेल तर वेगळे पैसे.

लिंक उघडते. चित्रं बोटाने सरकवता येतात, मोठी होतात. दिराने तर आईंच्या मणक्यांचा व्हिडिओ करून घरच्या ग्रुपवर टाकला. पण खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की लिंक ३० दिवस चालेल, आणि मुंबईच्या डॉक्टरांची वेळ त्यानंतरची मिळाली आहे. नणंद पुण्याला असते, तिला तिकडच्या ओळखीच्या न्यूरोसर्जनना दाखवायचंय.

तर विचारायचं असं की ही लिंक तशीच पुढे पाठवली तर चालतं का? की मुकाट्याने फिल्म घेऊन ठेवावी? आणि पाच-सात वर्षांनी पुन्हा लागलं तर हे सगळं आपण ठेवायचं कुठे? ह्यांचं म्हणणं, गूगल ड्राइव्हवर टाक आणि मोकळी हो. मला आईंचं सगळं असं कुठेतरी नेऊन ठेवायचं म्हणजे जरा कसंतरीच वाटतं. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

लष्करचा_बाब्या

ग्वाल्हेरात आमच्या घरी एकच पद्धत. पाकीट गादीखाली. तीन पिढ्यांचे मणके एका पलंगात आहेत.

रावपुरा_ते_अलकापुरी

बडोद्यातही आता हेच सुरू झालंय. सूनबाई, आधी एक काम करा, बाकी चर्चा होत राहील. लिंक लॅपटॉपवर उघडा, मोबाइलवर नको. कुठेतरी खाली जाणारा बाण किंवा तीन ठिपके दिसतील. तिथे डाउनलोडचे बहुतेक दोन पर्याय असतात, एक जेपीजी किंवा पीडीएफ आणि दुसरा डायकॉम, म्हणजे मशीनमधून निघालेली स्कॅनची मूळ फाइल. डायकॉम घ्या. वडिलांच्या वेळी मोबाइलवर फक्त जेपीजी दिसत होतं, लॅपटॉपवर गेलो तेव्हा दुसरा पर्याय सापडला.

झिप फाइल उतरेल. आत चित्रविचित्र नावांच्या शेकडो फाइली असतील, काहींना एक्स्टेन्शनसुद्धा नसतं. आणि एक फाइल डायकॉमडीआयआर नावाची. ती सगळ्यांची यादी असते. म्हणून आतली नावं बदलू नका, फोल्डर "नीट लावू" नका, दोन-चार चांगली चित्रं निवडून बाकीची पुसू तर अजिबात नका. आमच्या पप्पांनी तेच करायला घेतलं होतं, वेळेवर हात धरला.

जिलबी_पोहे

मी तर रिपोर्टचा फोटो आणि फिल्म खिडकीला लावून काढलेला फोटो दोन्ही व्हॉट्सअ‍ॅप करते. आजवर कोणत्याही डॉक्टरने नाही म्हटलं नाही.

रात्रपाळी

मी म्हणतो ना. नाही.

पेशाने रेडिऑलॉजिस्ट आहे, इंदुरातच. खिडकीला लावलेल्या फिल्मचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो बघून मत द्या म्हणणं म्हणजे सराफ्यातल्या जिलबीचा फोटो दाखवून पाक किती तारी झाला ते विचारणं. लोक सौजन्य म्हणून "हां, ठीक वाटतंय" म्हणतात, त्याला मत समजू नका.

जरा विस्ताराने सांगतो, कारण हा प्रश्न मला लग्नकार्यातसुद्धा विचारतात. सीटीचा एक काप म्हणजे साधारण ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचं चित्र, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एक मोजलेला आकडा. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड वर शेकड्या-हजारात. या एककाला हाउन्सफील्ड म्हणतात. करड्या रंगाच्या चार हजारांवर पायऱ्या त्यात मावतात. साध्या जेपीजीत २५६. मग आपण काय करतो, तर बघायचा टप्पा बदलत जातो. फुप्फुस बघायचं तर एक टप्पा, यकृताला दुसरा, हाडाला तिसरा. यालाच विंडो म्हणतात. डायकॉम फाइल हातात असेल तर पुण्याचा डॉक्टर विंडो स्वतः बदलून बघू शकतो. फिल्मवर आमच्या टेक्निशियनने जी विंडो लावून छापली तीच कायमची. आणि फोटो काढला की तेही गेलं, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब.

सूनबाईंच्या एमआरआयबद्दल: मानेच्या तपासात दोन-तीनशे चित्रं सहज असतात. ती चार-पाच फिल्मवर बसवायची म्हणजे एकेका चौकोनाचा आकार तुम्हीच बघा. नस कुठे दबते आहे हे सर्जनला एकेक काप मागेपुढे सरकवत बघायचं असतं. तेव्हा रावपुऱ्यांनी सांगितलं तेच करा, डायकॉम उतरवून घ्या. मानेच्या एमआरआयची झिप साधारण शंभर-दीडशे एमबीच्या घरात असेल. फार नाही.

आणि रिपोर्ट म्हणजे स्कॅन नव्हे. रिपोर्ट हे माझ्यासारख्या एका माणसाचं त्या दिवशीचं मत असतं. दुसरं मत हवं असेल तर चित्रं पाठवा, माझे दोन कागद पाठवून काय दुसरं मत मिळणार?

निवृत्त_पोस्टमास्तर

डॉक्टरसाहेब, ज्ञान मान्य. पण माझ्या कपाटात १९८८ सालचा छातीचा एक्स-रे आहे. उजेडात धरला की दिसतो. ना पासवर्ड, ना ३० दिवसांची मुदत, ना "पेज नॉट फाउंड". तुमची ही लिंक तितकी वर्षं टिकेल का, एवढंच सांगा.

रात्रपाळी

लिंक टिकणार नाही काका, फाइल टिकेल. म्हणून तर फाइल उतरवा म्हणतोय. बाकी तुमचा ८८ सालचा एक्स-रे खरंच सांभाळून ठेवा, थट्टा करत नाही. छातीत एखादा डाग दिसला की आम्ही पहिली गोष्ट मागतो ती जुना स्कॅन. घट्ट गाठ दोन वर्षांत तसूभरही वाढली नसेल तर ती बहुधा निरुपद्रवी, असा साधारण नियम आहे. जुनं चित्र नसलं की मग पुन्हा स्कॅन, कधी सुई टोचून तपासणी, आणि घरच्यांची झोप उडते ती वेगळीच.

लष्करचा_बाब्या

काका, त्या एक्स-रेतून ग्रहण बघितलंत की नाही?

निवृत्त_पोस्टमास्तर

बघितलं. ९५ साली. चाळीतल्या सगळ्यांनी त्याच एक्स-रेतून बघितलं.

रात्रपाळी

पुढच्या ग्रहणाला कृपया नको. दिसतो काळा, पण डोळ्याच्या पडद्याला जाळणारे किरण त्यातून पार होतात.

ओटी_नंबर_२

एका गोष्टीवर पोस्टमास्तरांच्या बाजूने. मी ऑपरेशन थिएटरात काम करतो. सर्जन हात धुऊन, ग्लोव्ह्ज घालून उभे असतात, तेव्हा मोबाइलवर ओटीपी कोण टाकणार? फिल्म लाइटबॉक्सवर टांगली की झालं. मोठ्या हॉस्पिटलांत ओटीत स्क्रीन असते, पॅक्स (स्कॅनची चित्रं साठवून दाखवणारी यंत्रणा) जोडलेलं असतं, तिथे प्रश्न नाही. पण नर्सिंग होममध्ये वायफाय रिसेप्शनपाशीच संपतं. एकदा नातेवाइकाला जिन्यात उभं करून त्याच्या हॉटस्पॉटवर गुडघा उघडलाय आम्ही. म्हणजे गुडघ्याची लिंक.

तेव्हा ऑपरेशन ठरलं असेल तर फिल्मचे पैसे द्यायला कुरकुर करू नका.

फायरवॉल_बाबा

सगळे सोय-गैरसोय बोलताहेत, सुरक्षेचं कोणीच नाही, म्हणून मीच नाट लावतो.

मागे एका सेंटरची (नाव नको) अशीच लिंक मला आली. शेवटी एक आकडा होता. सवयीने तो एकाने वाढवून बघितला, तर कुणा बाईंचा सोनोग्राफीचा रिपोर्ट समोर. नाव, वय, कुणी पाठवलं, सगळं. लगेच बंद केलं आणि सेंटरला फोन लावला. उत्तर काय मिळालं असेल? "सर, आप नंबर मत बदलिए ना."

काही ठिकाणी पासवर्ड म्हणजे मोबाइलचे शेवटचे चार आकडे, आणि मोबाइल नंबर त्याच मेसेजात वर छापलेला. याला कुलूप म्हणायचं?

आणि हे फक्त आपल्या गल्लीतलं नाही. जर्मनीच्या ग्रीनबोन या कंपनीने २०१९ मध्ये जगभरातले सुमारे २३०० पॅक्स सर्व्हर तपासले. त्यातले ५९० इंटरनेटवर उघडे पडलेले निघाले, ५२ देशांतल्या रुग्णांची माहिती त्यात होती आणि भारत त्या यादीत होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, कित्येक दिवस तिथला कारभार कागदावर चालला. तिथे ही गत, तर चौराह्यावरच्या सेंटरचं काय घेऊन बसलात.

आणखी एक, जे फारसं कुणाला ठाऊक नसतं. डायकॉम फाइलमध्ये चित्राबरोबर नाव, जन्मतारीख, सेंटरचा पेशंट नंबर, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव हे सगळं आत लिहिलेलं असतं. चित्रावर दिसलं नाही तरी असतं. डोक्याच्या एमआरआयच्या कापांपासून तर चेहराच पुन्हा उभा करता येतो. म्हणून संशोधनासाठी देताना चेहऱ्याचा भाग पुसून देतात.

मंडलेश्वरचा_डॉक्टर

बाबा, तुमचं सगळं बरोबर आहे आणि तरीही मी क्लाउडच्याच बाजूने.

निमाडात प्रॅक्टिस आहे. एक हात-पाय लुळा पडलेला, बोलणं अडखळणारा माणूस खाटेवर घालून आणतात. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि देण्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना हे सीटीवर बघावंच लागतं. रक्तस्राव असताना दिलं तर माणूस हातचा गेला. खरगोनकडून इंदूर गाठायचं तर घाट धरून अडीच-तीन तास, जाम असला तर देव वाली. पूर्वी इकडे सीटी व्हायचा, पाकीट नातेवाइकाच्या हातात, आणि इंदूरचे न्यूरोलॉजिस्ट ते पाकीट पोहोचल्यावर उजेडात धरायचे. वेळ संपलेली असायची.

आता सीटी झाला की चित्रं चढतात, इंदूरला डॉक्टर आपल्या फोनवर बघतात आणि सांगतात, तिथेच इंजेक्शन द्या आणि मग पाठवा. किंवा नको, तसेच आणा, तयारी करून ठेवतो. हे मी सीडीच्या जमान्यात करू शकलो नसतो. कुणाचं नाव कुठे उघडं पडेल ही भीती खरी आहे, पण माझ्या टेबलासमोर बसलेल्या बाईला मी काय सांगू?

फायरवॉल_बाबा

डॉक्टर, तिथे मी हरलो असं समजा. पण तुमचं उदाहरण डॉक्टरकडून डॉक्टरकडे पाठवण्याचं आहे. ते तर व्हायलाच हवं. माझा विरोध "लिंक मोबाइलवर दिली, आमचं काम संपलं" या वृत्तीला आहे.

रात्रपाळी

बाबा, एक दुरुस्ती. डायकॉमची पहिली आवृत्ती १९८५ ची, डायकॉम हे नाव १९९३ मध्ये आलं. तेव्हा मशीनपासून संगणकापर्यंतची वायर हॉस्पिटलच्या भिंतींबाहेर जाईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, त्यामुळे मुळात दाराला कडीच नाही. तशीच्या तशी यंत्रणा इंटरनेटला जोडली की उघडी पडणार. त्यासाठी क्लाउडच लागतो असं नाही, दवाखान्याच्या स्टोअररूममधला धूळ खाणारा सर्व्हरसुद्धा तितकाच उघडा पडतो. निदान मोठ्या क्लाउडवाल्यांकडे रात्री जागणारी माणसं असतात. आमच्या सेंटरच्या सर्व्हरवर मागच्या उन्हाळ्यापर्यंत कूलरचं पाणी गळत होतं.

सियागंज_सेठ

फिल्मवाल्यांना प्रायव्हसीची फार काळजी, म्हणून सांगतो. जुनी एक्स-रे फिल्म भंगारवाला रद्दीपेक्षा चांगल्या भावाने का घेतो? त्यात चांदी असते, ती काढतात. दिवाळीच्या साफसफाईत गठ्ठेच्या गठ्ठे येतात. प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात नाव, वय, तारीख, सेंटर ठळक छापलेलं. कोणाचं फुप्फुस, कोणाचा खुबा, सगळं मोहल्ला वाचतो.

जिलबी_पोहे

म्हणजे आमच्या आजीच्या खुब्याची चांदी झाली म्हणायची.

लष्करचा_बाब्या

बाबा, तुमच्या सगळ्या सुरक्षेला आमच्या आत्याचं एक बोट पुरेसं आहे. काकांच्या पोटाच्या सीटीची लिंक तिने "देशमुख परिवार", "योगा सकाळ" आणि "सोसायटी मेंटेनन्स" या तिन्ही ग्रुपवर टाकली. मेंटेनन्सवाल्या ग्रुपवर खजिनदाराने विचारलं, हे कोणत्या महिन्याचं?

काळा_कोट

वकील आहे, थोडं कायद्याचं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांत आहे की भरती रुग्णाचं रेकॉर्ड डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायचं आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. "भरती रुग्ण" हे शब्द नीट वाचा. बाहेरून येऊन स्कॅन करून गेलेल्याचं सेंटरने किती काळ ठेवायचं, हे त्या वाक्यात बसत नाही. त्यामुळे ३० दिवसांची लिंक बघून लगेच "कोर्टात खेचतो" असा पवित्रा नको. लेखी अर्ज द्या, ईमेल चालतो, "आमच्या तपासणीच्या डायकॉम प्रती द्याव्यात" एवढं एक वाक्य. बहुतेक जण देतात, कारण लिंक मेली तरी त्यांच्याकडे फाइल असते. ३० दिवसांत बंद होते ती तुमच्यासाठीची खिडकी.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदाही आहे, त्याचे नियम २०२५ मध्ये आले, पण तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्याच्या जोरावर आज काउंटरवर भांडायला जाऊ नका.

रावपुरा_ते_अलकापुरी

आभा कार्डावर (ते सरकारी आरोग्य ओळखपत्र) हे सगळं आपोआप यायला हवं होतं ना? आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं सप्टेंबर २०२१ मध्ये. १४ आकडी नंबर मी तेव्हाच काढला.

काळा_कोट

कल्पना तीच आहे. माहिती जिथे तयार झाली त्या दवाखान्यात किंवा सेंटरमध्येच राहते, तुम्ही अ‍ॅपमधून संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला ठरावीक मुदतीपुरती दिसते, संमती परत घेता येते. कागदावर उत्तम. माझ्या अ‍ॅपमध्ये आजवर रक्ताच्या रिपोर्टच्या पीडीएफ आल्या, एमआरआयचं एकही चित्र नाही. सेंटरने जोडून घेतलं असेल तर येणार.

गुडघेदुखी_क्लब

थोडं वेगळं, पण कामाचं. भावाच्या खुब्याच्या ऑपरेशनआधी सीटी केला. लिंक होती, डायकॉमही उतरवलं, सगळं शहाण्यासारखं. सर्जनच्या माणसाने संगणकावर थ्रीडी आखणी करायला घेतली आणि म्हणाला, हे काप पाच मिलिमीटरचे आहेत, मला एकचे हवेत. सेंटरला फोन केला तर कळलं की मशीनवर पातळ काप होते, पण क्लाउडवर जागा वाचवायला जाडच चढवतात. पातळ काप मशीनवर थोडेच दिवस राहतात. नशिबाने अजून होते.

तेव्हा ऑपरेशनची शक्यता असेल तर स्कॅनच्या दिवशीच काउंटरवर सांगा, "थिन स्लाइस भी चाहिए." हा शब्द वापरला की समोरचा एकदम सरळ बसतो.

रात्रपाळी

+१. हे मीच आधी लिहायला हवं होतं असं माझी टेक्निशियन मागून वाचत म्हणतेय. एक मिलिमीटरचे काप म्हणजे पाचपट चित्रं. एक काप अर्धा एमबी धरा, पोट-छाती मिळून हजारांवर काप झाले की अर्ध्या जीबीच्या वर गेलं. दिवसाला पन्नास-साठ स्कॅन करणाऱ्या सेंटरला महिन्याचं क्लाउडचं बिल बघितलं की पाच मिलिमीटर फार गोड वाटायला लागतात.

रेकॉर्ड_प्लेअर

अवांतर. सीटी बनवला कुणी माहीत आहे? ईएमआयने. हो, तीच, गाण्यांच्या रेकॉर्ड काढणारी. हाउन्सफील्ड तिथे इंजिनीअर होते. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या एका हॉस्पिटलात पहिल्या रुग्णाचा मेंदू बघितला, चित्र होतं ८० बाय ८० ठिपक्यांचं. १९७९ ला कॉरमॅकबरोबर नोबेल. डॉक्टर नव्हते दोघेही.

निवृत्त_पोस्टमास्तर

आमच्याकडे ईएमआयची रेकॉर्ड अजून वाजते. बघा, पुन्हा मुदतीचा प्रश्न नाही.

टिळकनगरची_सून

बाप रे, केवढी चर्चा! सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

लॅपटॉपवर उघडलं तर खरंच डायकॉमचा पर्याय होता, मोबाइलवर दिसतच नव्हता. झिप उतरवली. विंडोजवर मायक्रोडायकॉम नावाचा फुकट व्ह्यूअर घातला, त्यात उघडून बघितलं, सगळे क्रम आहेत. वकीलसाहेबांचं वाक्य जसंच्या तसं ईमेल केलं. दुसऱ्या दिवशी सेंटरमधून फोन आला, "मैडम, सीडी बना दी है, ले जाइए." पैसे नाही घेतले. पण आता घरात सीडी ड्राइव्ह कुणाकडेच नाही.

पुण्याला झिप पाठवली, लिंक नाही. तिकडच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी नणंदेला सांगितलं की पाचव्या-सहाव्या मणक्यामध्ये नस दबतेय, पण आधी औषधं आणि व्यायाम, ऑपरेशनची घाई नको. मुंबईची वेळ तरी ठेवलीच आहे.

ड्राइव्हवर टाकायचं की नाही यावर घरात अजून दोन पक्ष आहेत. फायरवॉल बाबा, तुम्ही भीती घालून गेलात, आता उपायही सांगा.

फायरवॉल_बाबा

सांगतो. सेव्हन-झिप हा फुकट प्रोग्राम घ्या, त्यात फोल्डर पासवर्ड लावून बांधा. एनक्रिप्शनमध्ये एईएस-२५६ (भक्कम कुलूप समजा) असतंच, आणि "फाइलींची नावंही लपवा" असा एक चौकोन असतो त्यावर खूण करा. मग ती फाइल खुशाल ड्राइव्हवर टाका, गूगललाही आत काय आहे ते दिसणार नाही. नणंदेला द्यायची तर तिच्या ईमेलला परवानगी द्या. "लिंक असलेला कोणीही" हा पर्याय बंद ठेवा, ती आत्याबाईंची सोय आहे. पासवर्ड फोनवर तोंडी सांगा. तो घरात एका वहीत लिहून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी तुम्हीच बाहेर राहाल.

दुसरी प्रत घरच्या हार्ड डिस्कवर. पेनड्राइव्हवर एकट्यावर विसंबू नका, वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिले की दगा देतात. फोल्डरच्या नावात तारीख आणि अवयव लिहा, "मम्मी स्कॅन नवा फायनल" नको.

१५ जीबी फुकट जागेत असे एमआरआय शंभरेक मावतील. फोटो आधीच भरले नसतील तर.

जिलबी_पोहे

१५ जीबी? माझ्याकडे ११ जीबी नुसते "सुप्रभात" आहेत.

मंडलेश्वरचा_डॉक्टर

बाबा, तुम्ही स्वतः काय वापरता ते तरी सांगा.

फायरवॉल_बाबा

घरी जुन्या डेस्कटॉपवर ऑर्थँक बसवलंय. बेल्जियमच्या लिएझ विद्यापीठाच्या हॉस्पिटलात जन्मलेला मुक्त सॉफ्टवेअरचा छोटा पॅक्स. इंटरनेटला जोडलेला नाही. घरात सगळ्यांचे मिळून सहा स्कॅन आणि एक पॅक्स. बायको म्हणते याला हॉस्पिटल म्हणून नोंदव, निदान लाइट बिलात सूट मिळेल.

रात्रपाळी

सूट नाही मिळत. आम्ही विचारून झालंय.

पाळीव_प्राणी_मंडळ

उशिरा आलो, एक प्रश्न आहे, हसू नका. आमच्या मोतीच्या पायाचा एक्स-रे महूला काढला, त्याचीही डायकॉम फाइल मिळाली. व्ह्यूअरमध्ये उघडली तर पेशंटचं नाव "मोती", आणि रिस्पॉन्सिबल पर्सन म्हणून माझं नाव. हे कुणी चावटपणाने टाकलंय का?

रात्रपाळी

नाही हो, खरं आहे. डायकॉममध्ये प्राण्यांसाठी रीतसर रकाने आहेत. प्रजाती, जात, आणि जबाबदार व्यक्ती. मोतीच्या पायाला काय झालंय?

पाळीव_प्राणी_मंडळ

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मांजरीवर झेप घेतली. मांजर ठीक आहे.